डब्याकडे बघ

कोजागिरीच्या दिवशी दुपारी समोरच्या वहिनी आमच्या दारात आल्या. चपला न काढता, उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? राग मानू नका हं. आज संध्याकाळी तुमच्या मुलीला तेवढं सांगून ठेवा, डबा ओळखू नको म्हणून. बाकीच्या मुली हिरमुसतात हो."

मी "बघते" म्हणाले. माझा राग असाच आहे, तो उशिरा येतो. माणूस पाठमोरं झालं, फाटकाची कडी वाजली की मग येतो, आणि आला की मुक्कामालाच येतो. त्या दुपारी आला तो अजून गेलेला नाही. हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे, तेव्हा कुणाला कडू लागलं तर लागू द्या.

आधी तो डबा काय ते सांगते. आमच्या खान्देशात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात. मातीची रंगवलेली गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी, रोज संध्याकाळी टिपऱ्या आणि गाणी, आणि गाणी संपली की खाऊ. हा खाऊ असा हातावर मिळत नाही. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते, मुलींच्या कानाशी वाजवते आणि विचारते, ओळखा बरं काय आहे? मग मुली सुचतील ती नावं घेत सुटतात. कुणी ओळखलं की डबा उघडतो. आता जळगावात आमच्या कॉलनीतही महिला मंडळ गुलाबाई बसवतं. मंडप असतो, स्पीकर असतो, फोटो काढायला एक फुलांची कमान असते. पण डबा तोच आहे.

मी लहानपणी धुळ्याजवळ, पांझरेकाठच्या एका गावात राहायचे. मला टिपऱ्या जमत नसत, माझा हात कायम एक ठोका मागे. गाणी पाठ होती, पण सगळ्यांबरोबर म्हणताना माझा आवाज कुठे घुसवायचा ते कळत नसे. मुली एकमेकींच्या कानात काय बोलून हसतात तेही कळत नसे. मी तिथे जायचे ती डब्यासाठी.

शाळेतून आलं की ओट्यावर बसून मी त्या दिवशीच्या डब्याचा विचार करायचे. आज पाळी कुणाची? त्यांच्याकडे यंदा शेंगा झाल्या का? काल त्यांची सून आमच्याकडे सोऱ्या मागायला आली होती, म्हणजे शेव असणार. पण आज चतुर्थी, मग उपासाचं नको का? आणि मग आवाज. फुटाणे सुटे सुटे वाजतात. शेंगदाणे सगळे मिळून एका बाजूला सरकतात. लाडू वाजत नाहीत, आदळतात. शेव वाजते तेव्हा शेवटी बारीक चुऱ्याचा आवाज येतो, कारण डब्यात भरताना ती मोडतेच. पेरूच्या फोडी ओल्या असतात, त्या डब्याच्या भिंतीला धरून बसतात आणि मग अचानक सुटतात. हे एकेक डोक्यात आपापल्या जागी बसत जाई आणि मला इतकं बरं वाटे, की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. त्यातून उठले की सडकून भूक लागायची. माय हसायची, चुलीवरची भाकरी ताटात टाकायची आणि म्हणायची, "कितला इचार करस वं पोर तू! डोकं शे का जातं शे?" तेव्हा ती हसून म्हणायची. हे मुद्दाम सांगते, कारण हेच वाक्य पुढे कसं बदललं ते मला सांगायचं आहे.

गावातल्या सगळ्यात मोठ्या मळ्याची मालकीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. उन्हाळ्यात आमची विहीर आटली की पाणी अक्कांच्या विहिरीवरून यायचं, म्हणून आमच्या घरात अक्कांचं नाव जरा हळूच घेतलं जाई. एका संध्याकाळी अक्कांच्या घरची पाळी होती. त्यांनी डबा वाजवला आणि आवाजच आला नाही. मुली बावरल्या. अक्का खूश झाल्या. मी मात्र कामाला लागले. आवाज नाही, म्हणजे आतलं हलकं आहे आणि डबा गच्च भरलेला आहे. झाकणाच्या कडेला तुपाचा वास. अक्कांचे मालक आदल्या दिवशीच सुरतेहून आलेले. आणि अक्कांच्या पदराला पांढऱ्या, केसासारख्या बारीक धाग्यांचा चुरा लागलेला. एका लग्नात मी ते खाल्लं होतं. अजून कुणी एकही नाव घेतलं नव्हतं, आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "सुतरफेणी."

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. ओळखा म्हटल्यावर ओळखायचं असतं, यापलीकडे या खेळात काही असेल असं मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. बाकीच्या मुलींना ते न सांगता माहीत होतं. अक्कांनी सुरतेहून मुद्दाम आणवलेला तो मान होता. मुलींनी हरायचं, "अक्का, तुम्हीच सांगा ना" म्हणून विनवायचं आणि मग अक्कांनी झाकण उघडायचं, असं सगळं ठरलेलं होतं. मी त्यावर पाणी ओतलं.

अक्कांचा चेहरा पडला आणि मग तापला. "कोनी सांगं तुले?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, कुणी नाही, मी विचार केला. "इचार करीसन डब्यामझारलं दखास का?" असं म्हणून त्या सगळ्यांकडे वळल्या. "उघाडीसन दखं व्हई इनी! दुपारले मना सैपाकघरम्हा घुसनी व्हई!"

म्हणजे मी चोर. विचार करून एवढं कळू शकतं हे त्यांना पटेना, चोरी मात्र लगेच पटली. मायनं मला दंडाला धरून घरी आणलं. वाटभर ती एकच बोलत होती, "कसाले सांगं लगेच? उगी बसाले काय व्हस तुले?" मी रडत होते. मी डबा उघडला नाही, उघडला नाही, म्हणून सांगत होते. तिनं त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी आल्यावर तिनं मला शिकवलं: ओळखलं तरी आधी खोटी नावं घ्यायची. सगळ्या दमल्या की मग खरं बोलायचं, तेही समोरची बाई हसत असेल तरच.

मी शहाण्या मुलीसारखी शिकले. दुसऱ्या दिवसापासून डबा वाजला की मी बाईच्या तोंडाकडे बघू लागले. ही हसतेय ते खरं हसतेय का? कालच्यापेक्षा कमी हसतेय का? आता बोलू का? दोन नावं झाली, अजून एक घेऊ का? लाडू म्हटलं तर तिला चालेल, की तिला वाटेल आपल्याला साधे लाडू करणारी समजते? घरी येऊन अंथरुणात पुन्हा तेच, मी लाडू म्हटलं तेव्हा तिनं भुवई का उचलली? आणि या सगळ्यात एक गोष्ट झाली, जी कुणाच्या लक्षात आली नाही. मला डबा ऐकू येईनासा झाला.

तिथून पुढे माझ्या डोक्यात दोन विचार राहू लागले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही वेळा मी गप्प बसलेली असते, नजर कुठेतरी लागलेली, दूध उतू जातं, हाक ऐकू येत नाही. म्हणून लोकांनी दोघांना एकच नाव दिलं, "फार विचार करते." पण एकातून मी उठते ती भुकेली, आणि दुसऱ्यातून उठते तेव्हा पाण्याचा घोटही घशाखाली जात नाही. एवढा साधा फरक आहे. तो बघायला कुणी डॉक्टर असावं लागत नाही, माझ्या ताटाकडे बघितलं असतं तरी पुरलं असतं. बघितलं कुणी? सल्ले मात्र फुकटात मिळाले. मन चिंती ते वैरी न चिंती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सोडून दे गं, मनावर घेऊ नकोस गं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

लग्न होऊन मी जळगावला आले. माती-पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं. चोपडा, रावेर, सावदा, सगळीकडून केळीच्या आणि कपाशीच्या रानांतली माती पिशव्यांत भरून येते. एकाच शेतातल्या दोन पिशव्या, आणि दोघींतले क्षार वेगळे. का? बांध कुठे असेल? पाणी कुठून फिरत असेल? जुनी केळी काढून तिथेच पाला कुजवला असेल का? मी ते डोक्यात घेऊन बसते तेव्हा मला तोच ओट्यावरचा आनंद मिळतो आणि दुपारचा डबा मी वेळेआधीच उघडते. आणि त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, साहेबांनी माझ्या लांबलचक मेसेजला नुसतं "बरं" असं उत्तर पाठवलं, की तो डबा तसाच परत घरी जातो. बरं म्हणजे काय? चांगलं केलं, की पुरे आता? आधी ते "बरं आहे" लिहायचे, आज "आहे" कुठे गेलं? तुम्हाला हे हास्यास्पद वाटत असेल तर हसा. पण एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तोंडं वाचायला बसवलं आणि पुन्हा उठूच दिलं नाही, तर ती मोठेपणी आणखी काय करणार?

एकदा माहेरी गेले असताना झोप लागेना, अन्न जाईना, म्हणून माय मला बसनं धुळ्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. मी त्यांना दोन्ही विचार सांगायला सुरुवात केली. त्यांनी पहिलं वाक्यही पुरतं ऐकलं नाही. "ताई, तुमचा प्रॉब्लेम एकच आहे, तुम्ही फार विचार करता. विचार बंद करा." आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या वाईट असं मी म्हणत नाही, कुणाकुणाला त्यांनीच उभं केलेलं मी पाहिलं आहे. त्या चालू होत्या तेवढे दिवस मला काय झालं ते सांगते. मी प्रयोगशाळेत मातीच्या दोन पिशव्यांसमोर बसले आणि मला काहीच वाटलं नाही. दोन पिशव्या होत्या, त्यांत माती होती. आणि साहेबांचं "बरं" मात्र संध्याकाळी तसंच टोचत होतं. घरचे म्हणाले, आता कशी छान शांत झालीस. मला त्या वाक्याचा इतका संताप आला की काय सांगू. माझ्या दोन विचारांपैकी जो माझा होता तो गेला आणि जो यांनी दिला होता तो राहिला, आणि हे म्हणे शांत.

पुढे माझ्या मुलीच्या शाळेनं तिला तपासून घ्यायला सांगितलं. जळगावातल्याच एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी मुलीला खूप वेळ दिला, आणि मग मलाही प्रश्न विचारू लागल्या. त्या वागायला सरळ होत्या, तुटक बोलत नव्हत्या, म्हणून मी सांगत गेले. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात." त्यांनी दिलेलं नाव होतं स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. घरी येताना रिक्षात मी त्या शब्दावरच चिडले होते. स्वमग्न म्हणे! मी स्वतःत कधी मग्न होते? मी डब्यात मग्न होते, मातीत मग्न होते. स्वतःकडे बघायला तर मला लोकांनी भाग पाडलं. पण बाईंनी एक गोष्ट सांगितली ती मी धरून ठेवली आहे. त्या म्हणाल्या, "मुलीला विचार करायला नको म्हणू नका. तो तिचा खेळ आहे. फक्त ती कशाचा विचार करतेय त्यावर लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवून होते. माझी मुलगी डबा ऐकायची तेव्हा डोळे मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून ऐकायची. तिला कुणी शिकवलं नाही. मी लहानपणी काय करत होते हे तिला ठाऊकही नव्हतं. कॉलनीत ती एकामागून एक डबे ओळखत होती आणि घरी आल्याबरोबर "आई, काहीतरी दे" म्हणत होती. मी मनातून इतकी सुखात होते, की मला भीती वाटायला हवी होती हे सुचलंच नाही.

कोजागिरीच्या काही दिवस आधी समोरच्या वहिनींची पाळी आली. त्यांनी डबा वाजवला. माझ्या मुलीनं ऐकलं आणि लगेच सांगितलं, "मखाणे." एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण कारण सांगितल्याशिवाय तिचं उत्तर पूर्ण होत नाही. ती म्हणाली, "हलका आवाज आहे, पण मुरमुऱ्यांपेक्षा मोठ्या दाण्याचा. आणि काकू डाएटवर आहेत ना, तळलेलं करणार नाहीत." सगळ्या बायका फस्सकन हसल्या. वहिनीही हसल्या, पण नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या. "पुढच्या वेळी हिला आधी घरी पाठवा, मग डबा काढा गं," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मुलीनं काही मागितलं नाही. ताट वाढलं तर वरणभात नुसता कालवत बसली. मग म्हणाली, "आई, काकू हसल्या ते खरं हसणं होतं का?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता, शब्दाला शब्द. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं तोच विचारला. संध्याकाळी पुन्हा. मी चुकीचं काय बोलले? सॉरी म्हणू का? सॉरी म्हटलं तर काकूंना पुन्हा आठवेल का? माझ्या डोळ्यांदेखत तिचा एक विचार दुसऱ्याच्या हाती चालला होता. मी समजावत होते, पण समजावून हे जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नवरा म्हणाला, "लहान आहे, विसरेल." मी विसरले होते का?

आणि अशा वेळी कोजागिरीच्या दुपारी वहिनी दारात आल्या होत्या, मुलीला गप्प बसवा म्हणून सांगायला. कोजागिरीला माय गावाहून आमच्याकडे आली होती. ती आतल्या खोलीत होती आणि माझी मुलगी तिच्याजवळ. वहिनींचा शब्द न् शब्द आत ऐकू गेला. वहिनी गेल्यावर नवरा म्हणाला, "एक दिवस गप्प बसली तर काय बिघडतं? शेजारी राहायचंय आपल्याला." मी त्याला म्हटलं, मी पण एकाच दिवसापासून गप्प बसले होते. त्याला ते कळलं नाही. माय आत लसूण सोलत राहिली.

मी मुलीला गप्प बस म्हणाले नाही. बोल असंही म्हणाले नाही, कारण तिच्यावर आणखी एक ओझं टाकायचं माझ्या जिवावर आलं. मला वाटलं, तिथे गेल्यावर डबा वाजेल आणि तिचं तिला सुचेल.

संध्याकाळी मायही आमच्याबरोबर मंडपात आली. तिथे मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. गाणी झाली. शेवटच्या दिवसाचा डबा समोरच्या वहिनींनीच मागून घेतला होता. त्यांनी तो उचलला, मुलींच्या मधून फिरवला. आवाज जवळजवळ नव्हताच. मुली ओरडू लागल्या, बर्फी, पेढे, केक, अनारसे. वहिनी प्रत्येक नावाला मान हलवून नाही म्हणत होत्या आणि खुलत होत्या. माझी मुलगी माझ्या पुढ्यात मांडी घालून बसली होती. तिचे डोळे उघडे होते. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आज आमच्या मॅडम एकदम गप्प! काय हो मॅडम, हरलात का?" बायका हसल्या.

मुलीनं वहिनींच्या तोंडाकडे बघितलं. भुवयांकडे, ओठांकडे, पुन्हा डोळ्यांकडे. मग अगदी लहान आवाजात, विचारल्यासारखं म्हणाली, "लाडू?"

लाडू नव्हते हे तिला ठाऊक होतं. लाडू आदळतात, हे तिनंच मला मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. वहिनींना आवडेल असं चुकीचं नाव तिनं शोधून काढलं होतं. वहिनी खूश होऊन म्हणाल्या, "चूक! आज मॅडमही चुकल्या!" आणि मुलगी वहिनींच्या हसण्याकडे बघत राहिली, ते खरं आहे का ते तपासत.

माझा राग पहिल्यांदा वेळेवर बाहेर आला. मी उठले. माझा आवाज चढला होता, तो मला खाली आणता आला नाही, आणि आणायचाही नव्हता. मी म्हणाले, "त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस. डब्याकडे बघ."

वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, खेळ आहे तो. एवढं काय मनावर घेता?"

"खेळ आहे ना? मग खेळू द्या तिला," मी म्हणाले. "ओळखा असं तुम्ही म्हणता. ओळखायला नको असेल तर विचारू नका. पोरी काही हिरमुसत नाहीत, तुम्ही हिरमुसता. आणि त्याचं खापर पोरींवर फोडता."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण मुलगी उठली होती. तिनं वहिनींपुढे हात केला आणि म्हणाली, "काकू, एकदा माझ्या हातात द्या." एवढ्या बायकांपुढे नाही म्हणणं वहिनींना जमलं नाही. तिनं डबा घेतला. हलवला नाही, हळूच एका बाजूला कलंडवला, मग दुसऱ्या बाजूला. कान लावला. झाकणाच्या कडेला नाक लावलं. डोळे मिटले आणि जिभेचं टोक बाहेर आलं. ती जीभ बघून मला तिथेच रडू फुटलं असतं.

"आत टॉवेल आहे," ती म्हणाली. "आवाज येऊ नये म्हणून गुंडाळलंय. जड आहे आणि सगळं मिळून एकदम सरकतंय, सुटं नाही. आणि वास आहे, पण तो आपल्याकडे सगळीकडेच असतो, म्हणून कळत नाही." मग तिनं डोळे उघडले. "केळी. फणीच्या फणी आहे."

वहिनींचं माहेर सावद्याचं, घरची केळी. सगळ्या पोरी मिठायांची नावं घेत बसतील आणि रोजचं केळं कुणालाच सुचणार नाही, ही युक्ती त्यांची होती, आणि खरं सांगायचं तर चांगली होती. त्यांनी झाकण उघडलं. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली पिवळीधमक फणी निघाली. बायका वहिनींच्या तोंडाकडे बघू लागल्या. पण मुली? मुली एकदम ओरडल्या. एक बारकी पोर माझ्या मुलीचा फ्रॉक ओढून विचारत होती, "तुला कसं कळलं? सांग ना!" आणि माझी मुलगी दोन्ही हात हलवत सांगत होती, आधी कलंडव, मग ऐक, मग वास घे. पोरी रांग लावून रिकाम्या डब्याचा वास घेऊ लागल्या. एकही हिरमुसलेली नव्हती.

वहिनी माझ्याशी त्यानंतर बोलल्या नाहीत. मीही दुधासाठी थांबले नाही. पुढच्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर आमचं नाव असेल की नाही याचा विचार मला येतो. आला की मी ताटाकडे बघते आणि जेवायला बसते, एवढंच मला जमतं.

घरी आलो. मुलीनं चपला काढता काढता सांगितलं, "आई, भूक लागली. खूप." मी भाकरी गरम केली, शेवभाजी होती ती वाढली. माय समोर पाटावर बसली होती. मुलगी जेवत होती आणि माय तिच्याकडे एकटक बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माले तवयच ठाऊक व्हतं."

"काय?" मी विचारलं.

"सुतरफेनी. तू डबा उघाडा नही व्हता. दुपारभर तू मना डोळासमोर वट्टावर बशेल व्हती."

तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ज्या मुलीला आतल्या आत पुन्हा पुन्हा निर्दोष ठरवत होते, तिची साक्ष मायपाशी होती. एक वाक्य होतं फक्त. मी तिच्यावर ओरडणार होते, तोंडही उघडलं होतं. पण माझ्या आधी मुलीनंच विचारलं, तोंडात घास तसाच ठेवून, तिच्या नेहमीच्या सरळ आवाजात, "मग आजी, तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

मायनं पदरानं तोंड पुसलं. "काय सांगू माय. अक्काले राग उना तर पानी बंद व्हई, लोके काय म्हनतीन, याच इचारम्हा बठ्ठं ऱ्हाई गयं."

लोक काय म्हणतील. अख्खं गाव जन्मभर हाच एक विचार करतं, उठता बसता, लग्नात, मयतीत, नवऱ्याच्या ताटाशी आणि पोरीच्या दंडाला धरून. त्यासाठी कुणी कुणाला धुळ्याला डॉक्टरकडे नेत नाही. त्याला समज म्हणतात, रीत म्हणतात. आणि फार विचार करते ती मी.

मुलीनं तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "म्हणजे तूही डब्याकडे बघत नव्हतीस," आणि तिनं आणखी अर्धी भाकरी मागितली. मायनंच उठून वाढली.